टोपीची इस्त्री

गालांवरचे वांगाचे डाग पदराआड लपवण्यात जयवंताची निम्मी हयात गेली. लाईट मारून ते घालवतात म्हणून ती कोऱ्हाळ्याहून बारामतीच्या दवाखान्यात आली खरी, पण आतून कुणाचंतरी "आई गं!" ऐकताच तिनं परतीचा जिना धरला. नवरा आडवा आला. तोंडाला कधी पावडर न लावलेला, टोपीची इस्त्री मोडली तर घर डोक्यावर घेणारा जोतीराम डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "माझ्या कपाळावरचा डाग आधी उडवा. हिला बघू द्या." टोपी हातात घेऊन तो खाटेवर निजला. लख्ख उजेड चमकला, पुन्हा चमकला. "काय न्हाय गं, मुंगी चावल्यागत वाटतं," म्हणत तो उठला आणि ऐटीत टोपी घालू लागला. टोपीचा पार बोळा झाला होता. जयवंता खुदकन हसून खाटेवर चढली. "अवं, ती टोपी द्या हिकडं. मलाबी मुंगी चावणार हाय."