देवाचा मासा

राष्ट्रोळी देवाच्या धोंड्यावर मासा ठेवून बराच वेळ झाला, तरी एकही घार फिरकली नव्हती.

वाळवंटी नदीच्या कोंडाभोवती, त्या खोल डोहाभोवती, गावची माणसं खांद्यावर जाळी टाकून ताटकळत होती. चैत्रात एकदाच जाळी टाकून हा कोंड मारायचा, आणि तोही देवाने पहिला मासा घेतल्यावर. देवाच्या वतीने घार येते, नाहीतर कावळा. कुणीच आलं नाही, तर वर्षभर या पाण्यात जाळं पडत नाही.

मासा ठेवायचा आणि देवाने तो घेतला का ते सांगायचा मान गोकुळदासाचा, म्हणून सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. आणि तो पलीकडच्या काठाकडे. तिथे त्याची सून गौरवी पणजीच्या पाहुण्यांना नदीवरचे पक्षी दाखवत होती. सासऱ्याच्या मानाच्या दिवशी, गळ्यात दुर्बीण अडकवून! त्याच्या अंगाची लाहीलाही झाली.

"तुमचे कॅमेरे बघून घारी पळाल्यो!" तो ओरडला. "घे तुजी लोकां आनी चल हांगासून!"

"आमी हलूंकसुद्दां ना, मामा," गौरवी तितक्याच जोरात म्हणाली.

गोकुळदासाच्या हातात सोटा होता, तो पाणमांजरासाठी. पाणमांजराने यंदा त्याची दोन जाळी फाडली होती, आणि त्या जनावराचं कातडं सोलणार असं गोकुळदास गावभर सांगत सुटला होता. "हात लावून बघा, वनखात्याक सांगतां," असं सुनेने तोंडावर ऐकवलं होतं. तेव्हापासून घरात चूल वेगळी व्हायची तेवढी बाकी होती.

धोंड्याजवळ पाणी हललं. ओलं, चपटं डोकं वर आलं. पाणमांजराने मासा तोंडात धरला. गोकुळदास एका ढांगेत तिथे पोचला आणि त्याने सोटा उगारला.

"मामा, देवान मासो घेतलो!" गौरवी पलीकडून ओरडली.

सोटा वरच राहिला. पाणमांजराने बुडी मारली.

"घेतलो मरे, गोकुळदास?" म्हाताऱ्या जयवंताने विचारलं. हो म्हणावं, तर देवाच्या वतीने आलेल्याला मारायचं कोणत्या तोंडाने? नाही म्हणावं, तर गाव वर्षभर कोंडाकडे नुसतं बघत बसणार, आणि शिव्या त्यालाच घालणार.

"घेतलो," तो दात आवळून म्हणाला. "घाला जाळीं."

मग त्याने सोट्याचं टोक सुनेवर रोखलं. "आनी तू. घरा येय मगे."

पलीकडच्या कातळावर पाणमांजर निवांत बसून माशाचं डोकं फोडत होतं. त्याचा कडकड आवाज अख्ख्या कोंडावर ऐकू येत होता.