झुलेखाबींचा हात

भिकूबाईंची पहिलटकरीण शेळी अडली होती. करडाची मान आत मागं वळली होती आणि गाई-म्हशी सोडवणाऱ्या डॉक्टर खरमाळ्यांचा रुंद हात तिथं शिरेना.

आजारी मांजर दाखवायला आलेल्या बांगडीवाल्या झुलेखाबी बाकावरून उठल्या. “माझा हात लहान आहे, डॉक्टर. काय करायचं ते सांगा.”

त्यांनी बांगड्या उतरवून कोपरापर्यंत हात धुतला. डॉक्टर सांगत गेले, त्या डोळे मिटून चाचपत गेल्या.

“तोंड लागलं हाताला.”

“आता हळूच पुढं वळवा.”

थोड्या वेळानं करडू बाहेर आलं आणि शिंकलं. भिकूबाई डॉक्टरांच्या पायाशी वाकल्या, तसे ते मागं सरले. “मी नुसता बोललो. सोडवलं यांनी.”

भिकूबाईंनी झुलेखाबींचा माखलेला हात उचलून कपाळाला लावला. झुलेखाबी कितीतरी वेळ तो मागं घ्यायलाच विसरल्या.