गोल खांबावरचा शेंदूर

भर दुपारी हवालदार तातेराव मेंदीच्या कुंपणाआड पालथे पडले होते. लढाईत पडतात तसे, कोपरांवर. हातात बंदूक नव्हती, रॉकेलात भिजवलेला बोळा होता. नजर बागेतल्या खांबावर. शत्रू आज येणार आणि आज सापडणार, याबद्दल त्यांना बिलकुल शंका नव्हती. मुंग्या चावत होत्या. हवालदार हलले नाहीत. शेवटी चावून चावून मुंग्याच दमल्या.

बाग त्यांनीच उभी केलेली. वडीगोद्रीच्या अलीकडे, फाट्यावरच्या गायरानात. पेन्शनीत आल्यावर आसपासच्या सात गावांच्या मागे लागून त्यांनी ती करून घेतली. कारगिल नुकतंच होऊन गेलेलं, लोकांच्या अंगात जोर होता. कुणी टँकर दिला, कुणी कडुनिंबाची रोपं. झाडं जरा वर येताच तातेरावांनी पलटणीतल्यासारखा बुंध्यांना गेरू-चुना मारला. त्या दिवशी एक शेळी आत चुकून उभी होती, तर तिच्याही चारी पायांना गेरू-चुना लागला. ती शेळी पुढे रस्त्यानं एका चालीत, मान ताठ धरून चालायची, असं पाहिलेले लोक अजून आहेत.

मधोमध जवानांच्या नावांचा दगड उभा करायचं ठरलं आणि भांडण लागलं. सात गावांचे सात जवान वेगवेगळ्या लढायांत गेलेले. मग वरचं नाव कोणत्या गावाचं? बैठकीत आधी आवाज चढले, मग चपला. तेव्हा तातेरावांनीच तोड काढली. दगड नको, गोल खांब करू. नावं भोवताली, सारख्याच उंचीवर कोरू. ना कुणी पहिला, ना कुणी शेवटचा. सातही गावं खूश झाली. मग तातेराव सातही घरी गेले आणि प्रत्येक उंबऱ्यावर वचन देऊन आले, की तुमच्या लेकराचं नाव मी जिवंत असेपर्यंत झाकलं जाणार नाही.

उद्घाटनाला महिना झाला नाही तोच एका नावावर शेंदराचं बोट उमटलं. तातेरावांनी पुसलं. थोड्या दिवसांनी पुन्हा बोट, आता दुसऱ्याच नावावर. पुन्हा पुसलं. मग तिसऱ्याच नावावर.

गोल खांब आणि त्यावर शेंदूर म्हटल्यावर लोकांचे पाय आपोआप फिरायला लागले. उषाबाईंची आटलेली म्हैस त्यांनी प्रदक्षिणा घातल्यापासून इतकं दूध द्यायला लागली, की चरव्या संपल्या आणि धुण्याची बादली काढावी लागली. हायवेवरचे ट्रकवाले स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडायला लागले. तातेरावांनी पाटी लावली, 'येथे नारळ फोडू नये'. लोक पाटीवरच नारळ फोडायला लागले.

सरपंच साहेबराव समजूत घालायला आले. "राहू द्या ना हवालदार. जित्तेपणी या पोरांना कुणी इचारलं न्हाई. आता नारळ भेटायलेत तं भेटू द्या."

"देव झाला की नाव कोण वाचतं, सरपंच?" तातेराव म्हणाले आणि बोळा घेऊन खांबाकडे गेले.

गेल्या आठवड्यात तर कहर झाला. सातच्या सात नावं शेंदरानं माखलेली. आणि उद्या जालन्याहून एक निवृत्त कर्नलसाहेब येणार होते. एकेक नाव वाचून एकेक सलाम करणार होते. तातेरावांनी आज सकाळीच खांब घासून लख्ख केला, आणि उन्हानं सगळा फाटा घरात शिरल्यावर मेंदीआड मोर्चा धरला.

फाटक कुरकुरलं. एक म्हातारी आत आली. पदराआड वाटी. इकडे तिकडे पाहून ती खांबापाशी गेली. एका नावावरून तळवा फिरवला, तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट लावलं. दुसऱ्यावरून फिरवला, लावलं. तशीच गोल फिरत ती तिसऱ्याकडे सरकली.

तातेराव उठले ते अर्ध्या वाटेपर्यंत शिव्या तोंडात घोळवतच गेले. जवळ गेल्यावर चेहरा दिसला. कालव्यापलीकडच्या वस्तीवरची सगुणाबाई. कारगिलमध्ये गेलेल्या रामकिसनची आई. शिव्या त्यांनी गिळल्या, पण आवाज चढायचा तो चढलाच.

"माय, तू? हे काय करून राह्यलीस? हा देव न्हाई."

सगुणाबाई दचकली. मग ओळख पटून तिनं वाटी पदराबाहेर काढली.

"मला म्हाईत हाय बाबा. म्या देवाला न्हाई लावायले."

"मंग कामून लावायलीस?"

"मला वाचता येत न्हाई. उद्घाटनाला आल्ते तव्हा मास्तरांनी बोट धरून दाखवलं, हे तुमच्या रामकिसनचं नाव. म्या खूण करून ठेवली. कुंकू उडून जातं, म्हणून शेंदूर. पुन्हा आले तं खूण न्हाई. कोण पुसतं, काय म्हाईत."

तातेरावांनी बोळा पाठीमागे धरला.

"मंग अंदाजानं लावत गेले. गोल हाय, कुठून मोजावं तेच कळंना. दर बारीला कुणाला इचारावं, यातलं माझं लेकरू कोणतं म्हणून? लाज वाटती बाबा." ती पुढच्या नावाकडे वळली, बोट वाटीत बुडवलं. "आता समद्यांनाच लावते. यातला एक तं माझा असंल."