तपकिरी, चार दारांची

वाहन तपासणीचा इन्स्पेक्टर पार्जेटर गाडीखालून बाहेर आला. गुडघ्यांना ओली खडी चिकटली होती आणि चेहऱ्यावर होय-नाही काहीच नव्हतं. डेसला त्याचंही आता काही वाटेना. एप्रिलपासून नोंदणी कार्यालयाशी पत्रापत्री चालली होती, सप्टेंबर उजाडला, तरी गाडी आपली गॅरेजातच. सरकारी काम आणि सहा महिने थांब, दुसरं काय!

गाडी मात्र झकास होती. लालभडक, दोघांपुरती, वरून उघडी. शेजारच्या क्लाइव्हने सुट्या भागांचा संच मागवून मागच्या अंगणात स्वतःच्या हातांनी जोडलेली. वीस वर्षं त्याने ती मेबलथॉर्पच्या किनाऱ्यापर्यंत दामटली. हिवाळ्यात तो गेला आणि त्याच्या बायकोकडून, एव्हिसकडून, डेसने ती विकत घेतली.

कागद हातात पडले तर त्यावर लिहिलेलं, रंग तपकिरी, दारं चार. ज्या जुन्या गाडीचं इंजिन काढून यात बसवलं, तिचेच कागद नि तिचाच नंबर क्लाइव्हने बिनदिक्कत वापरला होता. वीस वर्षांत एकाही पोलिसाने दारं मोजली नव्हती. पण डेस पडला सरळमार्गी, उभा जन्म बस चालवण्यात गेलेला. मालकाचं नाव बदलायचा फॉर्म भरताना त्याने रंग बदलला, दारंही बदलली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अरे बाबा, तुला खरं लिहायला सांगितलं कुणी?" अशा घरी जोडलेल्या 'किट' गाडीवाल्यांच्या क्लबात सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता.

एव्हिस चहाचा ट्रे घेऊन कुंपणाच्या फटीतून आली. सकाळपासून तिसऱ्यांदा तिने तेच विचारलं.

"नंबर तोच राहील ना, डेस?"

"राहील गं बाई. आणि नाही राहिला तरी गाडी परत आणून तुझ्या दारात टाकत नाही मी. घाबरू नकोस."

तिने चहा ओतला. पैसे परत द्यावे लागतील म्हणून धास्तावलीय बिचारी, असं डेसला वाटलं.

पार्जेटरने कप घेतला, आभार मानले आणि मग एखाद्याने हवामान सांगावं तसं सांगून टाकलं. "सांगाडा नवा, वरचं सगळं नवं. जुन्या गाडीचं यात इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस, एवढंच. तेवढ्यावर जुना नंबर ठेवता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तो रद्द. तुम्ही गाडीची पूर्ण तपासणी करून घ्यायची. पास झाली की 'क्यू' अक्षराचा नंबर मिळेल. वय माहीत नसलेल्या गाड्यांना देतात तो."

"वय माहीत नाही कसं? ही जोडली तेव्हा स्पॅनर धरायला मी होतो की!"

"तुम्ही होतात हो," पार्जेटर म्हणाला. "कागद नव्हता."

डेस उपड्या बादलीवर मटकन बसला. भांडायचंही त्राण राहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं त्याला. होय किंवा नाही, कुणीतरी काहीतरी बोललं होतं. "चला, सुटलो एकदाचा," तो म्हणाला.

"ती माझ्या बाबांची गाडी," एव्हिस म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"ती तपकिरी. बाबा गेल्यावर माझ्याकडे आली. आठवडाभर बहिणीकडे गेले होते मी. परत येऊन बघते तर क्लाइव्हने अंगणात कापून ठेवलेली. मला एका शब्दाने विचारलं नाही मेल्याने! बाबांचा वास होता रे त्या सीटांना. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हा कागद घेऊन समोर उभा. म्हणतो, 'रडतेस कशाला? हे बघ, तपकिरी, चार दारं. तुझ्या बाबांची गाडी आहे अजून. सरकार खोटं लिहील का?'" ती हसली, पण हसू काही टिकलं नाही. "मग दर वर्षी रोड टॅक्स भरायच्या दिवशी मला मोठ्याने वाचून दाखवायचा. तपकिरी. चार दारं. आणि मीही वेडी, ऐकत बसायचे."

त्या फॉर्मवरच्या दोन खुणा डेसला डोळ्यांसमोर दिसल्या. निळ्या शाईने, नीट चौकटीत केलेल्या. लाज वाटली त्याला.

"अगं, मग आधी बोलायचंस ना! मी काही लिहिलंच नसतं."

"काय बोलणार होते? तू लिहिलंस ते खरंच होतं."

पार्जेटरने कप खाली ठेवला. तो काही वाईट माणूस नव्हता, पण त्याला संध्याकाळच्या आत अजून दोन गाड्या बघायच्या होत्या. त्याने पॅड मांडीवर घेतलं आणि पेनचं टोपण काढलं.

"माफ करा हं, मॅडम. जुन्या गाडीचं काय झालं तेही लिहावं लागतं. मोडीत निघाली, असं लिहू?"

"लिहा."

"तारीख लागेल."

डेस सांगायला तोंड उघडणार होता; क्लाइव्हने कुठल्या साली, कुठल्या महिन्यात करवत चालवली ते त्याला चांगलं आठवत होतं. पण एव्हिसने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"आजची घाला," ती म्हणाली.