भामाची दोरी

"खोटं लिवताव तुमी, सायेब!" भामा जमिनीवरूनच कडाडली.

अपंगांचं अनुदान चालू ठेवायचं की तोडायचं, हे ठरवायला घरी आलेल्या साहेबांनी नुकताच शेरा वाचून दाखवला होता : 'एकटी राहते. सगळी कामं स्वतः करते. मदतीची गरज नाही.'

भामाचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने नेले होते. पनवेलच्या कोळीवाड्यातल्या त्या खोलीत तिने अनुदानाच्या पैशांतूनच सगळं हाताशी आणलं होतं. गॅस जमिनीवर, नळ खाली, दिव्याचं बटणही खाली. खाटेवर चढायला जाड दोरी होती, वाशावरून घेऊन खाटेच्या पायाला बांधलेली. अनुदान तुटलं की ही खोली सुटणार आणि जासई गावातला भाऊ तिला नेऊन पडवीत बसवणार, हे ठरलेलं.

"अहो, मी आलो तेव्हा तुम्ही मासे कापत होता," साहेब हसले. "धडधाकट माणसाला लाजवाल!"

"बरं. च्या तरी घ्या."

घरात खुर्ची नव्हतीच. साहेब मांडी घालून बसले, चहा प्यायले आणि उठायला गेले, तर गुडघे काही उचलेनात. दोनदा धडपडल्यावर त्यांनी भामाची दोरी दोन्ही हातांनी धरली आणि कण्हत कण्हत अर्धे उठले.

तेवढ्यात भामाने मासळीचा कोयता उचलला आणि खाटेच्या पायाशी, दोरीच्या गाठीवर टेकवला.

"सवताच उठताव नं, सायेब? मंग मदतीची गरज नाय. कापू का दोरी? बोला!"