आडवी शिळा

शेताच्या टोकाला उपदेशकांच्या घराण्याची दफनभूमी होती आणि तिथले झाडून सगळे दगड उभे, गुडघ्याएवढे. पण उपदेशक गेले आणि त्यांच्या बायकोने, काकूंनी, हट्टच धरला: शिळा आडवी हवी, अख्खी कबर झाकणारी आणि मिळेल तेवढी जाड. पाथरवटाने अशी शिळा उभ्या जन्मात घडवली नव्हती. गड्यांनी घाम गाळून ती बसवली, तेव्हा काकूंनी पाय रोवून, दोन्ही हातांनी ती ढकलून पाहिली. तसूभरही हलली नाही.

पाथरवटाला भरून आलं. "काकू, काकांवर फार जीव होता हो तुमचा."

"इकडून बोल बाबा," काकूंनी उजवा कान पुढे केला. "डावा लग्नाच्या वर्षीच गेला. यांचा हात फार जड होता."

पाथरवट त्यांच्या उजव्या बाजूला सरकला.

"प्रवचन मात्र सुरेख करायचे," शिळेवरची धूळ झटकत काकू म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी सगळे मेलेले कबरीतून उठणार, असं दर रविवारी सांगायचे. माझा त्यांच्या शब्दावर पूर्ण विश्वास आहे."

 

"म्हणून विचारते, हिच्यावर आणखी एक बसेल का रे?"