दहापैकी

सुनेनं बिअरचा ग्लास नाकाशी नेला. कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा झणझणीत वास आधी आला, नेहमीसारखा. पण त्याच्या मागून हळूच वितळलेल्या लोण्याचा वास आत शिरला. तिनं ग्लास गोल फिरवला, परत हुंगला. लोणीच.

चाखायच्या खोलीत तिघं होती. टेबलापलीकडे सासरे, त्यांच्या शेजारी टाक्या सांभाळणारा फोरमन. नियम सासऱ्यांचेच, कारखान्याइतके जुने. सकाळी अकरा वाजता, चहा न घेता बसायचं. कुणी कुणाशी बोलायचं नाही. कागदावर दहापैकी गुण लिहायचे, कागद पालथा घालायचा, मगच तोंड उघडायचं. एकाचेही गुण सहाच्या खाली गेले, तर माल फाटकाबाहेर जात नाही.

आजच्या ग्लासात सासऱ्यांची स्वतःची बिअर होती. जहाल आणि कडूजार. कामगार तिला 'म्हाताऱ्याची कडू' म्हणायचे, आणि ते ऐकून सासरे खूश व्हायचे. सोमवारी टाकीतला नमुना हुंगून "झाली, थंड करा" असं त्यांनीच सांगितलं होतं. ती झाली नव्हती. यीस्टचं आंबवण्याचं काम अर्धवट राहिलं होतं, म्हणून तो लोण्याचा वास. टाकीपाशी उभ्या असलेल्या कुठल्याही शहाण्या नाकाला ते कळलं असतं.

सासऱ्यांनी घोट तोंडात घोळवला, गिळला, समाधानानं मान हलवली आणि गुण लिहून कागद पालथा घातला. मग फोरमननं ग्लास उचलला. वास घेता घेता त्याचा हात थबकला. सुनेनं ते बरोबर टिपलं. फोरमननं मालकांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि भरभर काहीतरी लिहून तो मोकळा झाला.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "बाबा, गाडी लागलीय. ड्रायव्हर मागे लागलाय."

"थांबेल तो," सासरे म्हणाले. "अगं, लिही ना. एवढा कसला विचार?"

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला या खुर्चीवर बसवलं होतं. सासऱ्यानं सुनेच्या हातात बिअरचा ग्लास दिला म्हणून नातेवाइकांत महिनाभर थट्टा चालली होती. तेव्हा तिनं भीत भीत त्यांच्याच इतके गुण लिहिले, तर त्यांनी कागद फाडून टाकला होता. "या खोलीत नाकाला सासरा नसतो," असं म्हणाले होते.

तिनं पेन्सिल टेकवली. नऊ लिहिले असते तर गाडी निघाली असती, दुपारची जेवणं वेळेवर झाली असती. तिनं चार लिहिले.

कागद उलटले. नऊ. नऊ. चार.

"चार?" सासरे हसले. "घाईत लिहिलंस का?"

"नाही, बाबा. लोण्याचा वास येतोय."

"या बिअरला?"

"हो."

दारातला नवरा तिच्याकडे डोळे वटारून पाहत होता. सासऱ्यांनी ग्लास उचलला. नाक आत घालून श्वास घेतला. थांबले, परत घेतला. तळहातानं ग्लासाचं तोंड झाकून, हलवून, हात काढून तिसऱ्यांदा घेतला.

"नाही येत," ते म्हणाले. मग फोरमनकडे वळले. "तुला येतोय?"

फोरमन टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"तुला विचारतोय मी."

"येतोय, मालक."

"मग नऊ कसे लिहिलेस?"

"तुम्ही नऊच लिहिणार, म्हणून."

सासऱ्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. आता हे ग्लास भिंतीवर फेकणार, असं सुनेला वाटलं. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. पण ते बोलले तेव्हा आवाज अगदी खाली होता.

"माझ्या नाकाचं कधी कळलं तुला?"

"गेल्या थंडीत तुम्ही तापानं पडला होतात ना," फोरमन म्हणाला. "त्यानंतर."

"मग इतके महिने टाक्या कोण बघत होतं?"

"तुमच्या आधी मी बघून घ्यायचो. सोमवारी माझी सुट्टी होती."

सासऱ्यांनी ग्लास खाली ठेवला. त्यांनाही हे काही आज पहिल्यांदा कळत नव्हतं. सुनेनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला ते उमगलं. दर सकाळी ते या खोलीत येत होते, हुंगत होते, मान हलवत होते, आणि आज तरी वास येईल म्हणून वाट पाहत होते.

"बाबा, वास अगदी थोडाच असेल," नवरा म्हणाला. "एवढं कुणाला कळतं? माल जाऊ दे."

"गाडी परत पाठव."

"पण बाबा..."

"परत पाठव म्हटलं ना."

नवरा गेला. फोरमनही उठला. "टाकी उबेला आणतो," एवढंच पुटपुटला. "यीस्ट परत कामाला लागेल, चार-पाच दिवसांत जाईल वास."

दोघंच उरली. बाहेर गाडी सुरू झाली, वळली, लांब गेली. सुनेनं माफी मागावी, तर चूक तिची नव्हती. धीर द्यावा, तर तो त्यांनी चालवून घेतला नसता.

सासऱ्यांनी आपला ग्लास टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"काय काय येतंय, सांग."

"लोणी..."

"लोणी कळलं. त्याच्या आधीचं सांग. सावकाश."

तिनं श्वास घेतला. "पहिली राळ येते. ताज्या कापलेल्या लाकडाची. मग हिरवा पाला, हातावर चुरडल्यासारखा." ती थांबली, परत हुंगली. "मग संत्र्याची साल."

सासऱ्यांनी डोळे मिटले होते. दोन्ही हात टेबलावर उताणे पडले होते.

"ताजी," त्यांनी विचारलं, "की सुकलेली?"